गायरान कोणाचं?

गावाच्या सातबाऱ्यांची चळत कधी चाळली असेल, तर त्यात एखादा तरी गट असा सापडतोच जिथे मालकाच्या जागी कुणा माणसाचं नाव नसतं. तिथे 'सरकार' असं लिहिलेलं असतं आणि पुढे शेरा असतो, 'गायरान'. नावावरून वाटतं की इथे गाई चरत असतील. प्रत्यक्षात जाऊन पाहिलं तर काय दिसतं? खुरटी कुसळं, मुरमाचे खड्डे, एका कडेला शाळेची भिंत, दुसऱ्या कडेला पत्र्याच्या दहा-पंधरा झोपड्या, कुठेतरी पाण्याची टाकी. पाच-सहा शेळ्या आणि त्यांच्यामागे एखादी म्हातारी.

"सगळ्यांचं ते कुणाचंच नाही", असं आपल्याकडे अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. १९६८ साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 'सायन्स' या नियतकालिकात हीच गोष्ट जरा भारदस्तपणे मांडली. कुरण सामाईक असेल तर जो तो आपलं एक जनावर वाढवत जाणार, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटलेला. शेवटी कुरणच संपणार. म्हणून ते एक तर खाजगी करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. हा लेख जगभर इतका वाचला गेला की पुढे पुष्कळांनी तो निसर्गनियमच धरला.

मला मात्र आपल्या दख्खनच्या माळांचा इतिहास वाचताना दरवेळी वाटतं की इथे घडलं ते थोडं निराळं आहे. हार्डिनने सुचवलेला उपाय इथे त्याच्या लेखाच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीच करून झाला होता. जमीन सरकारच्या ताब्यात गेली होती. तरीही गवत गेलंच!

आधी गवताबद्दल थोडं. सह्याद्रीच्या पूर्वेला, पावसाच्या सावलीत जो पट्टा येतो (नगर, सोलापूर, पुण्याचा पूर्वभाग, मराठवाड्याचा बराचसा भाग) तिथे पाऊस चार-सहाशे मिलिमीटर, आणि तोही लहरी. मातीचा थर पातळ, खाली मुरूम. अशा माळावर झाडांपेक्षा गवतच चांगलं येतं. पवना, शेडा, मारवेल, डोंगरी अशी एकेक चांगली गवतं आहेत. त्यांची एकच अट असते. पहिल्या पावसानंतर जो कोंब वर येतो तो मुळांत साठवलेल्या ताकदीवर येतो. तो कोवळा असताना जनावरांनी पुन्हा पुन्हा खाल्ला की मूळ थकतं, आणि चार-पाच वर्षांत चांगलं गवत जाऊन कुसळी उरते. उलट पावसाळाभर माळ राखला, दसरा-दिवाळीच्या सुमारास बी गळू दिलं आणि मग गवत कापलं, तर तोच माळ वर्षानुवर्षं वैरण देत राहतो. थोडक्यात, दुष्काळी भागातलं कुरण राखणं म्हणजे मुख्यतः वेळ राखणं. कधी चारायचं आणि कधी नाही, हे कुणीतरी ठरवावं लागतं आणि बाकीच्यांना ते मानावं लागतं.

हे ज्ञान नवीन नाही. मराठेशाहीत घोडदळासाठी सरकारी कुरणं राखलेली असत. गवत वाढेपर्यंत तिथे जनावरं घालायची नाहीत, मग ते कापून गंजी लावायच्या. कापणीचं काम बऱ्याचदा आसपासच्या रयतेला वेठीने करावं लागे, तेव्हा त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. त्याशिवाय गावाचा आपला माळ असे. पांढरी वस्तीची, काळी पिकाची आणि उरलेला माळ जनावरांचा. गावातली गुरं गुराखी एकत्र हाकत नेई. मेंढपाळांचं गणित वेगळं. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे किंवा ओलिताच्या भागाकडे निघत आणि पावसाच्या तोंडावर माळावर परत येत. वाटेत शेतकरी त्यांना शेतात मेंढ्या बसवायला बोलावत, कारण लेंड्यांचं खत हवं असे. त्याबद्दल धान्य किंवा पैसा मिळे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांच्या या फिरतीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं की कुणी कुठल्या भागात, कोणती जनावरं घेऊन फिरायचं याच्याही रीती ठरलेल्या होत्या. मन मानेल तिथे शिरायचं असा तो प्रकार नव्हता.

हा गावगाडा काही स्वर्ग नव्हता. माळावर पहिला हक्क कुणाचा आणि कुणी बाजूला उभं राहायचं हे जातीवरून ठरत असे. पण एक गोष्ट खरी की ज्यांची जनावरं त्या गवतावर जगत, त्यातल्या निदान काहींच्या हातात ते गवत राखण्याचा निर्णय होता.

इंग्रज आले आणि जमीन मोजली गेली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या देखरेखीखाली १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून जी पाहणी सुरू झाली, तिच्यातून प्रत्येक तुकड्याला नंबर मिळाला आणि प्रत्येक नंबराला सारा. ज्यावर सारा बसतो ती जमीन कामाची, बाकीची 'पड'. 'पड' हा शब्द जरा थांबून वाचण्यासारखा आहे. ज्या माळावर शेकडो जनावरं जगत होती तो महसुलाच्या दृष्टीने पडून होता! पुढे शेती वाढत गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचे दिवस आले, त्यानेही हात लावला. नांगर काळीतून माळाकडे सरकत गेला.

मग दोन कायदे आले. १८७८ चा जंगल कायदा आणि १८७९ चा मुंबई इलाख्याचा जमीन महसूल कायदा. पहिल्याने डोंगर आणि बरेचसे माळ जंगलखात्याकडे नेले. दुसऱ्याने गावाला मोफत चराईसाठी जमीन 'नेमून देण्याची' तरतूद केली. वरवर पाहता चांगलीच गोष्ट. पण नेमून देणारा कोण? सरकार. म्हणजे जमीन मुळात सरकारची आणि गावाला तिच्यावर चारण्याची सवलत. माळ सातबाऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच त्याची मालकी बदलून गेली होती.

याचा चटका कुणाला बसला ते महात्मा फुल्यांनी लगेच ओळखलं. १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कर्जाबद्दल आणि साऱ्याबद्दल ते लिहितातच, पण डोंगरदऱ्यांबरोबर गायरानंही जंगलखात्याने गिळली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेरडामेंढरांना उभं राहायला जागा उरली नाही, अशी त्यांची तक्रार आहे. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. ज्या वर्षी पीक बुडतं त्या वर्षी माणूस जनावरांवर तगतो आणि जनावरं माळावर. नेमका तो माळच हातचा गेला होता. फुल्यांनी गाईंबरोबर शेरडामेंढरांचं नाव घेतलं हे मला महत्त्वाचं वाटतं. शेळी ही भूमिहीनाची गाय असते.

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला, पण चौकट तीच राहिली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम २२ प्रमाणे मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते, आणि कलम २३ प्रमाणे तिथे चारण्याचा हक्क त्या त्या गावाच्याच जनावरांना असतो. आता यातली मेख बघा. गावाची जनावरं म्हटल्यावर फिरता धनगर बाहेर राहिला, म्हणजे शतकानुशतकं त्या माळाशी ज्याचं नातं होतं त्याला कागदावर जागाच नाही. आणि गावाला मिळाला तोही फक्त चारण्याचा हक्क. माळ कधी बंद ठेवायचा, किती जनावरं सोडायची, त्यावर दुसरं काही उभं करायचं का, याची शेवटची सही कलेक्टर कचेरीत. खाणारा एक आणि ठरवणारा दुसरा! १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाची लाट आली तेव्हा अनेक गायरानांवर रोपं लागली. गवताची जागा झाडांनी घेतली की मेंढीने कुठे जायचं, हा प्रश्न लक्ष्यांच्या तक्त्यात बसणारा नव्हता.

या सगळ्याचा हिशेब १९८६ साली एन. एस. जोधा या अर्थशास्त्रज्ञाने मांडला. सात राज्यांतल्या (त्यात महाराष्ट्रही होता) कोरडवाहू भागातली ८२ गावं त्यांनी अभ्यासली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे साधारण तीस वर्षांत, गावांच्या सामाईक जमिनी ३१ ते ५५ टक्क्यांनी घटल्या होत्या. त्याच वेळी गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा १४ ते २३ टक्के भाग या जमिनींतून येत होता. चारा, सरपण, डिंक, रानभाज्या, असं सगळं त्यात आलं. हे उत्पन्न कुठल्याही खतावणीत दिसत नाही, त्यामुळे ते गेलं तेव्हाही कुणाला दिसलं नाही. जोधांचं आणखी एक निरीक्षण बोचणारं होतं. या जमिनी गरिबांना वाटण्याच्या नावाखाली मोडल्या गेल्या, पण त्यातला मोठा हिस्सा गेला तो आधीच बरं चाललेल्यांकडे.

इथे गोष्ट सरळ राहत नाही, कारण गायरानावर दुसराही एक हक्क सांगितला जातो आणि तो डावलून पुढे जाता येणार नाही.

ज्यांच्याकडे एक गुंठाही काळी जमीन नव्हती, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ती मिळूच दिली गेली नाही, त्यांनी पोट भरायला कुठे जायचं? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि मग १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली मुख्य मागणी. मराठवाड्यात अनेक दलित कुटुंबांनी गायरानं नांगरली, दगड वेचून ज्वारी-बाजरी पेरली. गावातल्या वरच्यांना अचानक आपल्या गुरांची आठवण झाली आणि उभ्या पिकात जनावरं सोडण्याचे प्रकार वारंवार घडले. पुढे शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात झाली ती हीच तारीख. तरी नाव लागायची वाट बघत कित्येकांची उमर गेली.

म्हणजे 'गायरान वाचवा' असं म्हणताना ते कुणापासून वाचवायचं, हे विचारावंच लागतं. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना सांगितलं. (भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद त्या निकालातही आहे, हे बरेच जण सांगायला विसरतात.) २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, नोटिसा निघाल्या, मोर्चे निघाले. त्या वेळी न्यायालयापुढे आलेले आकडे पाहण्यासारखे आहेत. राज्यात गायरान सुमारे साडेचार लाख हेक्टर. अतिक्रमणं सुमारे २ लाख २२ हजार. अतिक्रमित क्षेत्र सुमारे दहा हजार हेक्टर.

जरा भागाकार करून पाहू. एका अतिक्रमणामागे सरासरी साडेचार गुंठे येतात. सरासरी फसवी असते, त्यात एखाद्याचं मोठं शेतही दडलेलं असेल आणि नोंदच नसलेली अतिक्रमणंही असतील. पण साडेचार गुंठे म्हणजे साधारण घर, अंगण आणि बाजूला शेळ्या बांधायची जागा. आणि एकूण गायरानाच्या मानाने हे सगळं मिळून दोन-सव्वादोन टक्के. मग उरलेल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर तरी गुडघाभर गवत डोलायला हवं होतं. बहुतेक ठिकाणी ते नाही. झोपड्या हटवल्या म्हणून ते येणारही नाही. गवत गेलं ते राखणारा गेला म्हणून.

राखणारा परत आला तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं.) पाऊस जेमतेम, डोंगर बोडके, १९७२ च्या दुष्काळानंतर गाव हळूहळू रिकामं होत गेलेलं. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले आणि राळेगण सिद्धीच्या वाटेने गावाने पाच नियम घेतले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान. डोंगरावर समतल चर खोदले, पाणी मुरवलं. पण चरांइतकीच महत्त्वाची होती ती चराईबंदी. जनावर डोंगरावर सोडायचं नाही. गवत वाढल्यावर विळ्याने कापून डोक्यावरून आणायचं आणि त्यासाठी ग्रामपंचायतीकडे ठरलेली रक्कम भरायची. वर सांगितलेला वेळ राखण्याचा नियम तो हाच. काही वर्षांत गवत इतकं झालं की शेजारच्या गावांनाही त्याचा उपयोग झाला. दूध अनेक पटींनी वाढलं. गाव सोडून गेलेली कुटुंबं परतली. बोअरच्या पाण्यावर शेती नको, ऊस-केळी नको, हेही गावाने स्वतःवर घालून घेतलं. सरकारने कुंपण घातलं नव्हतं, ते गावाने मनात घातलं होतं.

हे मोठं काम आहे, यात शंका नाही. पण चराईबंदीची एक बाजू कौतुकाच्या लेखांतून निसटते. गवत कापून आणायचं तर घरी गोठा हवा, दुभती गाय-म्हैस हवी, ती घ्यायला पैसा हवा आणि तिला पाजायला पाणी हवं. शेळीचं तसं नसतं. ती चालते आणि खाते, म्हणून तर ती गरिबाला परवडते. चराईबंदी आली की गावात गाई-म्हशी वाढतात आणि शेळ्या घटतात. राळेगण आणि हिवरे बाजार, दोन्हीकडे हेच झालं. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला या बदलात डोंगरावरून झिरपलेलं पाणी विहिरीत मिळतं. ज्याच्याकडे नाही त्याने शेळ्या विकायच्या त्या कशाच्या बदल्यात, याचं उत्तर प्रत्येक गावाने स्वतः शोधायला हवं. चराईबंदीची नक्कल पुढे अनेक गावांनी केली, बऱ्याच ठिकाणी ती टिकली नाही. मला वाटतं त्याचं एक कारण इथे असावं. ज्याला बंदीतून काहीच मिळत नाही तो रात्री शेळ्या सोडणारच.

याचं उत्तर कुणी शोधलंच नाही असंही नाही. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर ठरला नाही, घरातल्या माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, आणि भूमिहीनालाही त्याचा वाटा. त्याच दशकात तिकडे हरियाणात, शिवालिकच्या पायथ्याशी सुखोमाजरी गावात, पाणी आणि चराई यांची गाठ बांधली गेली. डोंगरावर जनावरं सोडायची नाहीत, त्याच्या बदल्यात खाली बंधाऱ्यात साठणाऱ्या पाण्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा, जमीन असो वा नसो. भूमिहीनाने आपला वाटा हवा तर दुसऱ्याला विकावा. तिथले लोक त्याला सामाजिक कुंपण म्हणत. गवत राखण्यात ज्याचा फायदा, तोच राखणदार. साधी गोष्ट आहे, पण ती सुचायला भूमिहीन माणूस बैठकीत बसलेला असावा लागतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं (हे मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री), ते बरंचसं याच कामासाठी. जगभरची सामाईक कुरणं, जंगलं, कालवे, मासेमारी अभ्यासून त्यांनी दाखवलं की हार्डिनचा शोकान्त अटळ नाही. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांचा ते बनवण्यात हात असेल, देखरेख आपल्यातल्याच कुणाची असेल आणि सरकार मधे पाय घालणार नसेल, तर लोक शतकानुशतकं सामाईक गोष्ट सांभाळतात. हार्डिनने ज्याला सामाईक म्हटलं, ते खरं तर बेवारस होतं. आपल्या गायरानांचंही तेच झालं. आधी ती गावाकडून काढून घेतली, मग बेवारस ठेवली, आणि शेवटी म्हणालो, बघा, लोकांना सांभाळता येत नाही!

आज प्रश्न पुन्हा तापला आहे. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीला दिवसा वीज द्यायची म्हणून सरकारी जमिनींवर सौर प्रकल्प उभे राहत आहेत, आणि त्यासाठी गायरानंही दिली जात आहेत. दिवसा वीज हवी आहे, रात्री साप-विंचवात पाणी धरायला जाणाऱ्याला विचारा. पण कागदपत्रांत त्या जमिनीचं वर्णन अजूनही तेच असतं, पडीक. दीडशेहून अधिक वर्षं झाली तरी विंगेटसाहेबाच्या वेळचा शब्द काही सुटलेला नाही.

जंगलाच्या बाबतीत निदान २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सांभाळण्याचा हक्क दिला, फिरत्या पशुपालकांच्या चराईलाही त्यात जागा आहे. महसुली गायरानाला तसा कायदा नाही. तो व्हायला हवा असं मला वाटतं. पण मालकी 'सरकार'ऐवजी 'गाव' केली की झालं, असंही नाही. गाव म्हणजे कोण, हे आधी ठरवावं लागेल. ज्या ग्रामसभेत गायरानाचा ठराव होतो, तिथे ट्रॅक्टरवाला असतोच. पत्र्याच्या झोपडीतला माणूस असतो का? पावसाच्या तोंडावर वाडा घेऊन येणाऱ्या धनगराला कुणी निरोप धाडतं का? आणि त्या पाच-सहा शेळ्यांमागच्या म्हातारीला कुणी विचारतं का, की बाई, पावसाळ्याचे चार महिने माळ बंद ठेवला तर तुझं कसं भागेल?

तिने आपली अडचण सांगितली आणि सभेने ती मिटवली, तर त्या माळावर कुंपण लागणार नाही.